पाण्यातले जड धातू घरी तपासणारे संच: कशावर विसंबावं, कशावर नाही

घरच्या घरी जड धातू तपासता येतात असं सांगून आज बऱ्याच वस्तू विकल्या जातात. पाण्यात बुडवायच्या रंगीत पट्ट्या, टीडीएस मीटर, आर्सेनिकचा वायू-चाचणी संच, रंगावर किंवा भांड्यावर घासायची शिशाची काडी, बाटली भरून प्रयोगशाळेकडे पाठवायची सेवा, आणि शरीरात किती धातू साठलेत ते सांगणाऱ्या केसांच्या नि लघवीच्या चाचण्या. निष्कर्ष आधीच सांगतो. आर्सेनिकचा संच आणि प्रयोगशाळेची सेवा जरूर घ्यावी. शिशाची काडी मर्यादित कामाची आहे. पट्ट्या तांब्यासाठी ठीक, शिशासाठी नाहीत. टीडीएस मीटरचा या कामाशी संबंध नाही. केसांच्या चाचणीवर विसंबून औषध सुरू करणं तर सरळसरळ धोक्याचं आहे. प्रत्येकाची कारणं पुढे येतीलच.

कुठलाही संच घेण्याआधी त्याच्या रंगतक्त्यावर एक गोष्ट बघायची: शून्यानंतरचा पहिला रंग किती प्रमाणाला उमटतो. तो आकडा मग मर्यादेशी ताडून पाहायचा. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा अशा आहेत: शिसं १० मायक्रोग्रॅम प्रति लिटर, आर्सेनिक १०, कॅडमियम ३, असेंद्रिय पारा ६, एकूण क्रोमियम ५०, निकेल ७० आणि तांबं २०००. संचाचा पहिला रंग २० किंवा ५० ला उमटत असेल, तर १५ मायक्रोग्रॅम शिसं असलेलं पाणी त्यावर निर्दोष ठरेल. अशी तपासणी न केलेली बरी, कारण ती केल्यावर मनातली शंकाही जाते आणि तेच पाणी निर्धास्तपणे प्यायलं जातं.

एककांचा घोळ इथेच होतो. काही तक्त्यांवर मिलिग्रॅम प्रति लिटर छापलेलं असतं, काहींवर पीपीबी. एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, आणि पाण्याच्या बाबतीत पीपीबी म्हणजे मायक्रोग्रॅम प्रति लिटर. तक्त्यावर ०.०२ वाचलं की आकडा नगण्य वाटतो, पण शिशाच्या बाबतीत तो मर्यादेच्या दुप्पट असतो. आकडा वाचण्याआधी एकक वाचा.

बुडवायच्या पट्ट्या

एका पट्टीवर दहा-पंधरा चौकोन असतात: सामू, काठिण्य, क्लोरीन, नायट्रेट, लोह, तांबं, शिसं वगैरे. पट्टी दोन-तीन सेकंद बुडवायची, आडवी धरायची, ठरलेल्या वेळाने तक्त्याशी रंग जुळवायचा. सामू, काठिण्य आणि क्लोरीन यांच्यासाठी ही पद्धत पुरेशी चांगली आहे. तांब्यासाठीही चालते, कारण तांब्याची मर्यादा शिशाच्या दोनशे पट आहे आणि पट्टीची नजर तिथपर्यंत सहज पोचते. शिशाच्या चौकोनाचं तसं नाही. अशा बऱ्याच पट्ट्यांवर शून्यानंतरची पहिली पायरी मर्यादेच्या वर असते, आणि त्या दोन पायऱ्यांमधला फरक म्हणजे फिकट गुलाबीची किंचित गडद छटा. पिवळ्या दिव्याखाली तो फरक दिसतच नाही. ‘एकूण जड धातू’ दाखवणारा चौकोन असेल तर तो जस्त आणि तांबं यांनीही रंगतो. त्यामुळे रंग आला तरी कशामुळे आला ते कळत नाही.

शिशासाठी वेगळी, प्रतिपिंडांवर चालणारी पट्टीही मिळते. तिच्यावर दोन रेघा येतात आणि उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं. तिची सीमा बहुधा १५ मायक्रोग्रॅमवर बेतलेली असते. हा आकडा अमेरिकेतल्या जुन्या नियमातून आला आहे. म्हणजे १२ मायक्रोग्रॅमला ती ‘नाही’ म्हणेल. पण तिची मोठी उणीव आणखी वेगळीच आहे. ती फक्त विरघळलेलं शिसं ओळखते. जुन्या नळजोडणीत शिसं नेहमी विरघळूनच येतं असं नाही. डाखाचे कण आणि नळाच्या आतल्या थराचे पापुद्रे सुटून पाण्याबरोबर वाहत येतात, आणि अशा एका कणात एका लिटरला पुरून उरेल इतकं शिसं असू शकतं. पोटातल्या आम्लात ते विरघळतं, पट्टीवर मात्र त्याचा मागमूस नसतो. या कारणासाठी शिशाच्या बाबतीत आम्ही कुठलीच पट्टी सुचवत नाही. लहान मूल किंवा गरोदर बाई असलेल्या घरात तर नाहीच.

आकडा एवढा बारीक का धरायचा, तर शिसं शरीरात कॅल्शियमची जागा घेतं. मोठ्या माणसाच्या आतड्यातून साधारण दहावा हिस्सा शोषला जातो, लहान मुलाच्या आतड्यातून जवळजवळ निम्मा. अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होतं, पण ते सगळं बाहेर जात नाही. बरंचसं हाडांत जाऊन बसतं आणि तिथे दशकानुदशकं राहतं. गरोदरपणात हाडांतून कॅल्शियम सुटतं, त्याबरोबर आईच्या बालपणीचं शिसंही सुटतं आणि वारेतून बाळापर्यंत जातं. मुलांच्या मेंदूवर परिणाम होणार नाही अशी शिशाची कुठलीही सुरक्षित पातळी सापडलेली नाही, हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते.

टीडीएस मीटर

थोडक्यात संपवतो. हे मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतं. त्याची सगळ्यात लहान पायरी १ पीपीएम, म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. मर्यादेइतकं शिसं किंवा आर्सेनिक पाण्यात असेल तर त्याने एकूण क्षारांत ०.०१ पीपीएमची भर पडते. मीटरवर ४० दाखवणारं पाणी आर्सेनिकयुक्त असू शकतं आणि ६०० दाखवणारं धातूंच्या बाबतीत निर्धोक असू शकतं. हे मीटर आरओच्या पडद्याची तब्येत बघायला ठेवा. ‘टीडीएस कमी, म्हणून धातू नाहीत’ असं सांगून कुणी यंत्र विकत असेल तर ते घेऊ नका.

आर्सेनिकचा वायू-चाचणी संच

या सगळ्यांत मनापासून शिफारस करावी अशी ही वस्तू आहे. तत्त्व एकोणिसाव्या शतकातलं आहे आणि आजही टिकून आहे. आम्ल आणि जस्ताची भुकटी पाण्यात टाकली की हायड्रोजन सुटतो, त्याच्याबरोबर पाण्यातलं आर्सेनिक अर्साइन वायूच्या रूपात वर येतं, आणि झाकणातल्या मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदावर पिवळा ते तपकिरी डाग पाडतं. बांगलादेशात लाखो कूपनलिका अशाच संचांनी तपासून सुरक्षित हातपंपांना हिरवा आणि दूषितांना लाल रंग दिला गेला. गावोगाव, उन्हापावसात, प्रयोगशाळेशिवाय एवढं काम करणारी दुसरी चाचणी आमच्या माहितीत नाही.

संचांत थोडाफार फरक असतो, पण क्रम साधारण असा. बोअर किंवा हातपंप पाच-दहा मिनिटं चालू ठेवून, नळीत साचलेलं पाणी निघून गेल्यावर ताजं पाणी बाटलीच्या खुणेपर्यंत घ्यायचं, बहुधा ५० किंवा १०० मिलिलिटर. पहिली पुडी आम्लाची. ती टाकून पंधरा सेकंद हलवायचं. दुसरी पुडी ऑक्सिडीकारकाची, सल्फाइड मारण्यासाठी. ती टाकून पुन्हा हलवायचं आणि दोन मिनिटं थांबायचं. तिसरी पुडी जस्ताची. ती टाकली की फेस येतो. काही सेकंद हलवून लगेच कागद बसवलेलं झाकण घट्ट लावायचं आणि सांगितलेला वेळ थांबायचं. कुठे दहा मिनिटं असतात, कुठे वीस, कुठे त्याहून जास्त. वेळ झाला की कागद काढून अर्ध्या मिनिटाच्या आत तक्त्याशी जुळवायचा. नंतर उजेडाने आणि ओलाव्याने डागाचा रंग बदलत जातो.

चुका कुठे होतात ते नीट पाहू, कारण यातल्या बहुतेक चुका आकडा कमी दाखवतात.

पाणी गार असेल तर अभिक्रिया मंदावते आणि दिलेल्या वेळात वायू पूर्ण सुटत नाही. पाणी पंचवीस-तीस अंशांवर आणून मग सुरुवात करा. जस्ताच्या पुडीला दमट हवा लागली असेल तर भुकटीवर थर चढतो. फेस जेमतेम आला किंवा लवकर बसला तर ती चाचणी रद्द धरून नवी पुडी वापरा. झाकण लावायला उशीर झाला किंवा ते सैल राहिलं तर वायू निसटतो. बाटली हलवताना कागदावर थेंब उडाला तर डाग पसरतो, मग त्याची कशाशीच तुलना होत नाही. पाण्यात लोह असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. असं पाणी बादलीत तासभर ठेवलं की लोहाचा तांबूस गाळ बसतो आणि आर्सेनिक त्याला चिकटून तळाशी जातं. वरचं नितळ पाणी तपासलं तर आकडा मूळ पाण्यापेक्षा बराच कमी येतो. म्हणून पाणी उपसल्याबरोबर तपासा.

उलट्या दिशेची चूक सल्फाइडमुळे होते. कुजक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या पाण्यात दुसऱ्या पुडीनंतरची दोन मिनिटं गाळली, तर कागद गडद होऊन आकडा वाढतो. अँटिमनी असेल तरी डाग पडतो, पण पाण्यात ते क्वचितच इतक्या प्रमाणात असतं. आणि डाग तक्त्यावरच्या शेवटच्या रंगाइतका गडद आला तर एक भाग पाण्यात चार भाग ऊर्ध्वपातित पाणी घालून चाचणी पुन्हा करा आणि आलेल्या आकड्याला पाचने गुणा.

संच किती विश्वासाचा? ५० आणि त्यावरचं आर्सेनिक तो सहसा सोडत नाही. १० च्या आसपास मात्र ८ आणि १५ मधला फरक कुणाच्याही डोळ्याला खात्रीने कळत नाही. म्हणून तो चाळणीसारखा वापरावा. २५ किंवा वर आलं तर ते पाणी पिण्या-रांधण्यासाठी तिथेच थांबवा आणि पडताळणी मागाहून करा. कागद पांढराशुभ्र राहिला तर सध्या ठीक. मधलं काहीही आलं तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा. शेजारच्या बोअरचा निकाल स्वतःच्या बोअरला लावू नका. दहा-वीस मीटरांच्या अंतरावर आणि वेगळ्या खोलीवर आर्सेनिक पूर्ण वेगळं असतं.

सुरक्षिततेबद्दल संचांच्या पत्रकांत पुरेसं लिहिलेलं नसतं, ही आमची खरी तक्रार आहे. अर्साइन अतिशय विषारी आहे आणि हायड्रोजन पेट घेतो. चाचणी उघड्यावर किंवा खिडकीशी करा, जवळ चूल, उदबत्ती, सिगारेट नको. कागदावर पाऱ्याचं संयुग आहे, त्याला बोट लावू नका. वापरलेले कागद बंद पिशवीत साठवून घातक कचऱ्यात द्या. मुलांच्या हाती संच लागू देऊ नका.

आर्सेनिकचं दुखणं सावकाश येतं. तळहात-तळपायांवर कठीण पुटकुळ्या आणि अंगावर गडद-फिके ठिपके दिसायला बहुधा काही वर्षं जातात. त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशयाचा कर्करोग तर त्याहूनही उशिरा उमटतो. लक्षणांची वाट बघून तपासणी करायची हा मार्गच इथे नाही.

बाटली पाठवायची प्रयोगशाळा सेवा

शिसं, कॅडमियम, पारा, क्रोमियम यांच्यासाठी हाच एक खात्रीचा रस्ता. पण सेवा घेताना चार गोष्टी विचाराव्या लागतात आणि नमुना नीट घ्यावा लागतो. नमुना चुकला तर पुढचं महागडं यंत्र काहीच करू शकत नाही.

पहिली गोष्ट यंत्राची. आयसीपी-एमएस, म्हणजे अगदी सूक्ष्म प्रमाणातले धातू मोजणारं यंत्र, असेल तर उत्तम. ग्राफाइट भट्टीचं एएएस, म्हणजे अणूंनी शोषलेल्या प्रकाशावरून धातू मोजणारं यंत्र, तेही शिशासाठी चालतं. ज्योतीवर चालणारं एएएस शिशाच्या मर्यादेभोवती आंधळं पडतं. दुसरी गोष्ट नोंद-मर्यादेची, म्हणजे ज्याखाली प्रयोगशाळा आकडा देत नाही ती पातळी. शिसं आणि आर्सेनिकसाठी ती १ मायक्रोग्रॅम किंवा खाली असावी, कॅडमियमसाठी ०.५ किंवा खाली. अहवालात नुसतं ‘आढळलं नाही’ लिहिलेलं असेल आणि शेजारी नोंद-मर्यादा ५० असेल, तर त्या अहवालाने तुम्हाला काहीही सांगितलेलं नाही. तिसरी गोष्ट आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांच्या आंतरराष्ट्रीय मानांकनाची. प्रयोगशाळेला मानांकन आहे एवढ्यावर थांबू नका. ‘पाणी’ आणि तुम्हाला हवा असलेला धातू त्या मानांकनाच्या व्याप्तीत आहे का ते विचारा. चौथी गोष्ट: ‘एकूण धातू’ मोजणार की गाळून ‘विरघळलेले’ मोजणार? पिण्याच्या पाण्यासाठी एकूणच हवेत. कणांमधलं शिसं याच मापात सापडतं.

आता नमुना. शिशासाठी पाणी नळात किमान सहा तास थांबलेलं असावं, म्हणजे पहाटे, घरातला कुठलाही नळ किंवा फ्लश सुरू होण्याआधी. रोज पिण्याचं पाणी भरता तोच थंड पाण्याचा नळ. तोटीची जाळी काढू नका, आदल्या रात्री नळ धुऊन काढू नका. बाटली विसळू नका, काही बाटल्यांत आधीच आम्ल घातलेलं असतं. नळ नेहमीच्या जोरात उघडा. हळूहळू धार सोडली तर कण सुटत नाहीत आणि निकाल खोटा चांगला येतो. पहिल्याच थेंबापासून पूर्ण एक लिटर भरायचं. काही सेवा १०० मिलिलिटरची चिमुकली बाटली पाठवतात. तिच्यात फक्त तोटीतलं पाणी मावतं, भिंतीतल्या नळीतलं येतच नाही. अशा सेवेकडे मोठी बाटली मागा, नाही दिली तर दुसरी सेवा बघा.

एकाऐवजी तीन बाटल्या भरल्या तर निकालातून मूळही सापडतं. पहिली पहिल्या लिटरची, दुसरी त्यानंतर चार-पाच लिटर सोडून, तिसरी नळ पाच मिनिटं वाहू दिल्यावर. शिसं पहिल्या बाटलीत जास्त आणि पुढे कमी असेल तर दोष तोटीत, पितळी जोडात किंवा जवळच्या डाखात. दुसऱ्या बाटलीत वाढलं तर रस्त्यापासून घरापर्यंतची नळी संशयित. तिन्हींत सारखंच असेल तर पाणी येतानाच दूषित आहे. आर्सेनिकसाठी उलट करायचं: साचलेलं पाणी जाऊ द्यायचं आणि मग भरायचं, कारण ते जमिनीतून येतं, नळातून नव्हे.

बाटली उच्च घनतेच्या पॉलिथिनची असावी. नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणतात, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून राहतात. आम्ल प्रयोगशाळेत घालणार असतील तर घातल्यावर किमान सोळा तास थांबून मोजणं आवश्यक आहे. बाटली उघडल्याउघडल्या त्यातून थोडं पाणी काढून मोजणारी प्रयोगशाळा शिसं भिंतीवरच सोडून देते. आम्ल घातलेला नमुना सहा महिने टिकतो. पाऱ्याची मुदत २८ दिवस आणि त्याला वेगळी बाटली मागावी. षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं जास्त विषारी रूप, मोजून हवं असेल तर ते आधी सांगा, त्याची साठवण पूर्ण वेगळी आहे.

कॅडमियमसाठी इतकी खालची नोंद-मर्यादा कशाला, असं काही प्रयोगशाळा विचारतात. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि तिथून निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात. त्यामुळे रोजचं थोडंसुद्धा जमा होत राहतं. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिका आधी बिघडतात, मग हाडं ठिसूळ होतात. जपानमध्ये तोयामा प्रांतात जिंझू नदीकाठी खाणीतलं कॅडमियम पाण्यातून शेतांत गेलं आणि लोकांची, विशेषतः वयस्क स्त्रियांची, हाडं साध्या हालचालीनेही मोडू लागली. जपान सरकारने १९६८ मध्ये या इताई-इताई रोगाचं कारण अधिकृतपणे मान्य केलं.

निकाल वाईट आला तर पाणी उकळू नका. वाफ जाते, धातू मागे राहतात आणि पाण्यातलं प्रमाण वाढतं. शिशासाठी एनएसएफ/एएनएसआय ५३ या फिल्टरांच्या अमेरिकी मानकाखाली ‘शिसं’ या नेमक्या दाव्याने प्रमाणित झालेला फिल्टर घ्या. नुसतं ‘५३ प्रमाणित’ पुरत नाही, कारण त्या मानकात दावे वेगवेगळे असतात. या चाचणीत १५० मायक्रोग्रॅमचं पाणी ५ किंवा त्याखाली आणून दाखवावं लागतं. आर्सेनिकसाठी आरओ घेत असाल तर हे लक्षात ठेवा: पाण्यात आर्सेनिक दोन रूपांत असतं; पडदा पंचसंयुजी रूप चांगलं अडवतो, त्रिसंयुजी बरंचसं सोडून देतो. ऑक्सिजन नसलेल्या खोल भूजलात त्रिसंयुजीच जास्त असतं, म्हणून आरओच्या आधी ऑक्सिडीकरणाची पायरी लागते. फिल्टर बसवल्यावर त्यातून आलेल्या पाण्याचा एक नमुना पुन्हा पाठवा. कार्ट्रिज मुदतीत बदला.

शिशाची काडी

ऱ्होडिझोनेट हे रसायन असलेली काडी ओली करून भिंतीच्या रंगावर, खेळण्यावर किंवा भांड्यावर अर्धा मिनिट घासली की शिसं असल्यास गुलाबी-लाल होते. लाल आली तर विश्वास ठेवा, फक्त पृष्ठभागाचा स्वतःचाच लाल रंग उतरलेला नाही ना ते पांढऱ्या कागदावर घासून बघा. काही आलं नाही तर मात्र वस्तू निर्दोष समजू नका. अशा काड्यांना मान्यता देताना अमेरिकेत निकष धरला जातो तो ०.५ टक्के शिशाचा, म्हणजे ५००० पीपीएम. नव्या रंगांसाठी आज सुचवली जाणारी मर्यादा ९० पीपीएम आहे. मधलं सगळं काडीच्या नजरेतून सुटू शकतं. शिवाय शिशाचा रंग बहुधा खालच्या जुन्या थरांत असतो. पात्याने तिरपी खाच पाडून सगळे थर उघडे करा आणि तिथे घासा. खाच पाडण्याआधी जागा ओली करा, खाली प्लास्टिक अंथरा, नंतर ओल्या कपड्याने पुसा. कोरडं घासलं तर तीच धूळ मुलांच्या हाता-तोंडात जाते. चकचकीत मुलामा दिलेल्या भांड्यांसाठी काडी अजिबात पुरेशी नाही. ती एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्राखाली तपासून घ्या.

केसांच्या आणि ‘उत्तेजित’ लघवीच्या चाचण्या

घेऊ नका. केसांवर धूळ, पाणी, शांपू, कलप यांतले धातू बाहेरून चिकटतात आणि धुवूनही पूर्ण जात नाहीत. केसांची चाचणी खरोखर उपयोगी पडते ती मिथिल पाऱ्यासाठी, म्हणजे माशांतून येणाऱ्या पाऱ्याच्या सेंद्रिय रूपासाठी. ‘उत्तेजित’ चाचणीत आधी धातू ओढून काढणारं औषध देतात आणि मग लघवी तपासून आकडा औषध न घेतलेल्या लोकांच्या पातळीशी ताडतात. निरोगी माणसाचाही आकडा अशाने वाढलेला दिसणारच. अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल टॉक्सिकॉलॉजीने या पद्धतीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आहे. पुढचा धोका उपचाराचा. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात धातू काढायच्या उपचारात रक्तातलं कॅल्शियम घसरून तीन जण दगावल्याची नोंद आहे, त्यात दोन मुलं होती.

शिशासाठी शिरेतून काढलेलं रक्त हीच चाचणी. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात हातावरचं शिसं मिसळू शकतं, म्हणून तो आकडा जास्त आला तर शिरेच्या रक्ताने पडताळा. मुलाच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक आलं तर स्रोत शोधून तो बंद करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं मार्गदर्शन आहे. मुलांसाठी औषधाची शिफारस तिथे ४५ पासून पुढे आहे, आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीत. आर्सेनिकसाठी लघवी, पण आधीचे तीन-चार दिवस समुद्री मासे टाळून. त्यांतलं सेंद्रिय आर्सेनिक निरुपद्रवी असलं तरी एकूण आकडा फुगवतं. कॅडमियमचा बऱ्याच वर्षांचा साठा लघवीत दिसतो, अलीकडचा संपर्क रक्तात.

जनावरांसाठी

पाण्याचे संच गुराढोरांच्या मालकांनाही विकले जातात, आणि आर्सेनिकच्या बोअरसाठी ते योग्यच आहे. पण गुरांना शिशाची विषबाधा होते ती बहुतेक वेळा पाण्यातून नाही. माळावर टाकलेली फुटकी किंवा जळालेली बॅटरी, जुन्या रंगाचे पापुद्रे, वापरलेलं इंजिन तेल हे नेहमीचे स्रोत. गुरं हे आवडीने चाटतात. वासरू एकाएकी आंधळ्यासारखं धडपडू लागलं, दात खाऊ लागलं, कान-पापण्या फडफडू लागल्या, भिंतीला डोकं दाबून उभं राहिलं, तर पट्टी बुडवण्यात वेळ घालवू नका. पशुवैद्याला बोलवा आणि कळप त्या चराईतून लगेच बाहेर काढा. रक्त ईडीटीए किंवा हेपॅरिनच्या नळीत, न गोठलेलं द्यावं लागतं. साध्या नळीत गोठलेल्या रक्तातला वरचा द्रव उपयोगाचा नाही, कारण शिसं तांबड्या पेशींत असतं. जनावर मेलं असेल तर यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे थंड करून पाठवा.

एका जनावराला विषबाधा झाली म्हणजे त्याच चराईतल्या, वरून धडधाकट दिसणाऱ्या बाकीच्यांचंही रक्त तपासायचं. शिशाचे तुकडे पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकून राहतात आणि महिनोन्‌महिने विरघळत राहतात. तोवर दूध आणि मांस दोन्ही माणसांच्या खाण्यात येऊ नये. दूध कधी सुरू करायचं ते लक्षणं गेली म्हणून ठरवायचं नाही. रक्तातला आकडा उतरल्याचा अहवाल हातात आल्यावर पशुवैद्याच्या सल्ल्याने ठरवायचं.

जनावरं कधी माणसांच्या आधी इशारा देतात. जपानमध्ये मिनामाताच्या किनाऱ्यावर पाऱ्याने दूषित मासे खाणारी मांजरं आधी झटके येऊन मरत होती. माणसांमधला आजार अधिकृतपणे नोंदला गेला तो १९५६ मध्ये. कावळे, बदकं, मांजरं, वासरं एकाच जागी, थोड्या दिवसांत मरू लागली तर त्या जागेची माती, पाणी आणि मेलेल्या जनावराचे अवयव तिन्ही एकत्र तपासायला पाठवा. नमुन्यांवर तारीख, जागा आणि जनावराचं वय लिहा, आणि प्रयोगशाळेला कुठल्या धातूचा संशय आहे ते आधी कळवा, म्हणजे त्या धातूसाठी योग्य ती बाटली आणि साठवण ते सांगतील.